पाचवी चाल

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्ज गावात नाताळ झाला की बुद्धिबळाची स्पर्धा भरते. 1930-31 च्या स्पर्धेत एका पटावर काळे मोहरे घेऊन क्यूबाचा होसे राऊल कापाब्लांका बसला होता. 1921 ते 1927 हा गृहस्थ विश्वविजेता होता, आणि 1916 ते 1924 या आठ वर्षांत त्याने स्पर्धेतला एकही डाव गमावला नव्हता. समोर पांढरे मोहरे घेऊन बसला होता पंजाबातल्या मिठा टिवाना गावचा मीर सुलतान खान. पाश्चात्त्य नियमांनी खेळायला लागून त्याला जेमतेम चार-पाच वर्षे झाली होती, आणि बुद्धिबळाची पुस्तके त्याच्या शिक्षणात कुठे नव्हतीच. कापाब्लांकाने वजिराच्या बाजूचा उंट दुसऱ्या रांगेत कर्णावर आणून बसवला, राजापुढचे प्यादे एक घर सरकवले, आणि पाचव्या चालीला सुलतान खानाने अगदी काठावरचे, वजीरबाजूच्या हत्तीपुढचे प्यादे एक घर पुढे केले. मोहरे झटपट बाहेर काढा, मध्य धरा, राजा लवकर सुरक्षित करा, अशी शिकवण त्या काळचे पुस्तक देत होते. त्या शिकवणीच्या हिशोबाने ही चाल म्हणजे एक पाळी फुकट घालवणे. डाव 65 चालींपर्यंत लांबला आणि कापाब्लांका हरला.

या डावाची गोष्ट गेली नव्वदहून अधिक वर्षे एकाच साच्यात सांगितली जाते. पंजाबातल्या जमीनदार सर उमर हयात खान टिवाना यांच्या पदरी असलेला एक साधा माणूस विलायतेला जातो, ज्या ओपनिंगचा जगातल्या पंडितांनी कीस काढला त्यातले त्याला काही ठाऊक नसते, आणि तरीही केवळ दैवी देणगीवर तो पंडितांना लोळवतो. खुद्द कापाब्लांकाने त्याच्या खेळाला अलौकिक प्रतिभेचे नाव दिले, त्यामुळे या गोष्टीवर शिक्काच बसला. गोष्ट ऐकायला गोड आहे, पण तिच्यात एक लबाडी आहे. सुलतान खानाला युरोपचे पुस्तक ठाऊक नव्हते, यावरून त्याच्याकडे काहीच ज्ञान नव्हते असा निष्कर्ष ती गुपचूप काढून घेते. (त्याला ‘नोकर’ म्हणण्यावर त्याच्या वंशजांनीही अलीकडे हरकत घेतली आहे. ते घराणे पिरांचे होते.) माझे म्हणणे असे की त्याने जो सिद्धांत सोडला तो छापलेला होता, आणि ज्याच्या आधाराने तो खेळला तो कधी छापला गेला नव्हता. पटावर त्या दिवशी दोन परंपरा समोरासमोर होत्या. त्यातल्या फक्त एकीकडे वह्या होत्या, म्हणून दुसरीला आपण अज्ञान म्हणतो.

ही दुसरी परंपरा कोणती, ते नियमांपासून पाहायला हवे. सुलतान खान नऊ वर्षांचा असताना वडिलांकडून जे बुद्धिबळ शिकला ते देशी होते. पंजाबात, बंगालात, आपल्याकडे महाराष्ट्रात त्याच्या बारीकसारीक तऱ्हा वेगळ्या, पण काही गोष्टी बहुतेक ठिकाणी समान. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चाले, दोन घरांची उडी नव्हती. युरोपीय पद्धतीचे कॅसलिंग, म्हणजे एकाच चालीत राजा आणि हत्ती हलवून राजाला आडोशाला नेणे, नव्हते. त्याऐवजी राजाला, शह बसलेला नसेल तर, साऱ्या डावात एकदा घोड्याची उडी मारायची मुभा असे. शेवटच्या घरात पोचलेले प्यादे मनाला येईल ते मोहरे होत नसे, ज्या मोहऱ्याच्या स्तंभातून ते पोचले तेच ते होई. हे नियम लहान वाटतात, पण डावाची सगळी चाल त्यांनी बदलते. प्यादी एकेक घराने सरकत असली की दोन्ही सैन्ये एकमेकांना भिडायला वेळ लागतो. पहिल्या दहा चालींत कुणी कुणाला मारून टाकत नाही, म्हणून पाळीची किंमत उतरते आणि रचनेची चढते. प्याद्यांची साखळी कशी बांधायची, शत्रूचा घोडा कुठे बसू द्यायचा नाही, राजाला मध्येच ठेवून त्याच्याभोवती कोट कसा उभारायचा, हे प्रश्न मोठे होतात. आणि वजीर हवा असेल तर प्यादे वजिराच्याच स्तंभातून न्यायला हवे, म्हणजे डावाचा शेवट तुम्हाला सुरुवातीपासून डोळ्यांपुढे ठेवावा लागतो. असे बुद्धिबळ लहानपणापासून खेळलेल्या माणसाला ओपनिंग येत नाही हे खरेच, पण मध्य आणि शेवट त्याच्या हाडीमासी खिळलेला असतो.

हे केवळ तर्काने रचलेले नाही, त्याला लेखी पुरावा आहे, आणि तो सुलतान खानाच्या ऐंशी वर्षे आधीचा आहे. जॉन कॉक्रन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर कलकत्त्यात वकिली करत होता आणि बुद्धिबळात त्या काळच्या अव्वल लोकांत त्याची गणना होती. 1848 च्या सुमारास कलकत्त्याबाहेरच्या मुलखातला एक ब्राह्मण त्याला भेटला, महेशचंद्र बॅनर्जी. त्या भागात त्याला कुणी हरवू शकत नाही अशी त्याची ख्याती होती. पुढची काही वर्षे हे दोघे शेकडो डाव खेळले, कॉक्रनने ते टिपून ठेवले आणि त्यांतले काही लंडनच्या नियतकालिकांत छापून आणले. त्या डावांत महेशचंद्र काय करतो? राजाच्या बाजूचे घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवतो, उंट त्या खिडकीत बसवतो, मध्यभागी शत्रूला प्यादी खुशाल पुढे आणू देतो आणि मग त्यांना खालून टोचायला लागतो. एक घर चालणाऱ्या प्याद्यांची सवय असलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार? आज ‘किंग्ज इंडियन’ म्हणून ज्या बचावावर ग्रंथ निघतात त्याची चण या डावांत स्पष्ट दिसते. 1855 चा एक डाव तर चाल-चालीने ग्रुनफेल्ड बचावाचा आहे. एर्न्स्ट ग्रुनफेल्डने तो बचाव व्हिएन्नात वापरून त्याला आपले नाव मिळवून दिले ते 1922 साली. या बचावांना ‘इंडियन’ हे विशेषण लागले त्याच्या मुळाशी हे कलकत्त्याचे डाव आहेत, आणि 1920 च्या दशकात ते विशेषण सर्वतोमुखी झाले. बचावाला देशाचे नाव मिळाले, पण तो खेळणाऱ्याचे नाव कुठल्याच प्रकाराला लागले नाही.

यावर पहिला आक्षेप उघड आहे आणि तो रास्तही आहे. महेशचंद्र कॉक्रनकडून जिंकला त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा हरला. त्या 1855 च्या डावातही कॉक्रननेच मात केली. मग अशा पद्धतीत दम होता कसे म्हणावे? पण डावाचा निकाल आणि ओपनिंगचा दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉक्रन हल्ल्यात महेशचंद्रापेक्षा सरस होता आणि उघड्या पटावर, खुल्या स्तंभांवर लढायचा त्याचा सराव दांडगा होता. महेशचंद्र आयुष्याच्या मध्यावर एका नव्या नियमावलीत शिरला होता. हरला तरी त्याची पहिली आठ-दहा पावले खोटी नव्हती, हे पुढच्या शतकाने सिद्ध केले, कारण हीच पावले निम्झोविच, रेटी, ग्रुनफेल्ड अशा शिकल्या-सवरलेल्या लोकांनी टाकली तेव्हा त्यांना ‘हायपरमॉडर्न’ म्हणजे अतिआधुनिक असे भारदस्त नाव मिळाले. रिशार्ड रेटीने 1924 साली न्यूयॉर्कमध्ये कापाब्लांकाची ती आठ वर्षांची अपराजित मालिका मोडली तीसुद्धा अशाच सुरुवातीने, मध्यभाग प्याद्यांनी न भरता दुरून त्यावर नजर ठेवून. रेटीच्या विजयाला कुणी अज्ञानाचा विजय म्हटले नाही. त्याने पुस्तके लिहिली होती ना!

आता परत हेस्टिंग्जच्या पटाकडे. गंमत अशी की त्या डावात ‘इंडियन’ बचाव खेळत होता कापाब्लांका. तो क्वीन्स इंडियन होता. या बचावात काळ्याचा एक ठरलेला बेत असतो. राजाच्या बाजूचा उंट पुढे टाकून पांढऱ्याचा वजीरबाजूचा घोडा राजासमोर जखडायचा आणि त्या जोरावर मध्यभागाचा ताबा घ्यायचा. काठावरचे ते प्यादे एक घर सरकले की उंटाचे बसायचे घरच नाहीसे होते. एका घराची ही चाल दिसायला सुस्त, पण समोरच्याचा बेत उगवण्याआधीच खुडून टाकणारी. कापाब्लांकाने मग मध्यात प्यादे भिडवले, सुलतान खानाने ते मारले आणि कापाब्लांकाने प्याद्यानेच उलट मारले. इथे त्याचे नुकसान झाले, कारण कर्णावर बसवलेल्या त्याच्या उंटापुढे आता त्याचेच प्यादे आडवे आले. पुढे सुलतान खानाने घोडा घुसवून काळ्याचा दुसरा, चांगला उंट बदलून घेतला, मग राजाच्या बाजूची प्यादी, आधी हत्तीपुढचे, मग घोड्यापुढचे, चालवत नेली. कापाब्लांकाने दोन्ही हत्ती एका स्तंभावर चढवले तेव्हा एका तिरप्या उंटाने त्यांना असे पेचात धरले की वजिराच्या बदल्यात त्याला दोन्ही हत्ती द्यावे लागले. त्यानंतर काळा वजीर एकटाच पांढऱ्याच्या मुलखात भटकत राहिला आणि मागे कोंडलेल्या उंटाला शेवटपर्यंत वाट मिळाली नाही. चाळीस चाली असा आवळत आवळत डाव गेला. आणि एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. या साऱ्या डावात सुलतान खानाने कॅसलिंग केले नाही. राजा मध्यभागी राहिला, शह बसल्यावर एक घर पुढे सरकला, वजीर मारणारा हत्ती त्याने स्वतःच टिपला आणि पुन्हा आपल्या जागी येऊन उभा राहिला. युरोपच्या पाठ्यपुस्तकात हा राजा बेघर होता. देशी पटावर वाढलेल्या माणसाच्या दृष्टीने तो जिथे असायचा तिथेच होता.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो अधिक टोकदार आहे. एका चालीवर एवढा डोलारा कशाला? ती चाल नवशिक्याची सावधगिरी नसेल कशावरून? शिवाय सुलतान खान तोवर अगदी कोरा नव्हता. 1928 मध्ये दिल्लीची अखिल भारतीय स्पर्धा जिंकून तो 1929 च्या वसंतात लंडनला गेला, तिथे त्याच्यासाठी भरवलेल्या सराव स्पर्धेत तळाला राहिला, तेव्हा विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या इंग्रज खेळाडूंनी त्याला शिकवणी दिली, आणि त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेटला तो ब्रिटिश विजेता झाला. म्हणजे पुस्तक त्याच्या कानावरून गेले होतेच. हे सगळे मान्य. त्या चालीमागे मनात काय चालले होते ते पट सांगत नाही. पट एवढेच सांगतो की पाचवी चाल, न झालेले कॅसलिंग, चांगल्या उंटाची अदलाबदल, प्याद्यांची संथ चढाई आणि शेवटचा आवळ या पाचही गोष्टी एकाच वळणाच्या आहेत. नवशिक्याची सावधगिरी पुढच्या साठ चालींत असे सुसंगत रूप घेत नाही, ती विसाव्या चालीला तरी ढासळतेच. शिकवणीबद्दल म्हणाल तर ती मिळूनही त्याच्या सुरुवातीच्या चाली बऱ्याचदा डगमगत, आणि वाईट पटावरून तो मध्यात सावरून घेई. या डावात मात्र सावरून घ्यायची वेळच आली नाही. त्याने सिद्धांत सोडला तिथे तो भक्कम होता आणि अर्धवट शिकलेला सिद्धांत धरला तिथे डळमळीत, असे त्याच्या डावांचे एकंदर चित्र मला दिसते.

तिसरा आक्षेप मराठी माणसाच्या जवळचा आहे. देशी पट एवढे शिकवत होता, तर मग तसे शिकलेले बाकीचे भारतीय कुठे होते? 1933 च्या डिसेंबरात सुलतान खान मायदेशी परतला आणि 1935 मध्ये त्याने व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डावांचा सामना खेळला. खाडिलकरांना त्यात एक बरोबरी मिळाली, बाकी नऊ डाव सुलतान खानाने जिंकले. दोघांच्या मुळाशी देशीच पट, तरी निकाल इतका एकतर्फी! मला हा आक्षेप सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो माझ्या म्हणण्याला योग्य ती मर्यादा घालतो. परंपरा बीज देते, पीक देत नाही. दोघांत फरक होता तो मधल्या चार-साडेचार वर्षांचा. 1930, 1931 आणि 1933 च्या ऑलिम्पियाडमध्ये इंग्लंडच्या पहिल्या पटावर बसून जगातल्या उत्तमांशी भिडण्याचा, प्रागला फ्लोर आणि रुबिन्स्टाइन यांना हरवण्याचा, टार्टाकोव्हरशी बारा डावांचा सामना जिंकण्याचा. तेवढी झटापट खाडिलकरांच्या वाट्याला आली असती तर काय झाले असते, हा प्रश्न निरर्थक नाही. आणि त्या वर्षांत सुलतान खानाने देशी वळण टाकून दिले नव्हते, त्याला युरोपच्या वेगाची धार लावली होती. दैवी देणगीच्या गोष्टीत या कष्टाला जागा नाही, तशी तिच्यात वडिलांच्या पटालाही नाही.

सिद्धांत सोडून जिंकण्याचे दुसरे, अगदी वेगळ्या जातीचे उदाहरण शेजारी ठेवले तर हा मुद्दा अधिक नीट कळतो. 1980 च्या जानेवारीत स्वीडनच्या स्कारा गावी युरोपीय सांघिक स्पर्धेत इंग्लंडच्या टोनी माइल्सने विश्वविजेत्या अनातोली कार्पोव्हविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी पहिल्याच चालीला काठाचे प्यादे एक घर सरकवले आणि दुसऱ्या चालीला त्याच्या शेजारचे दोन घरे. 46 चालींत कार्पोव्ह हरला. वरवर पाहता तेच काठाचे प्यादे, तीच पाळी ‘फुकट’ घालवणे. पण माइल्स ग्रँडमास्टर होता, 1974 चा जागतिक ज्युनियर विजेता. आपण कोणते पुस्तक मिटतो आहोत हे त्याला पानांसह ठाऊक होते. कार्पोव्हसारख्या कसून तयारी केलेल्या माणसाला त्याच्या तयारीबाहेर ओढायचे, एवढा त्याचा हिशोब. तो बंडखोर होता, सुलतान खान परका. बंडखोराला घरी परतायची वाट असते. माइल्सची ती सुरुवात पुढेही एक चमत्कार म्हणूनच राहिली, अव्वल स्पर्धांत ती क्वचितच दिसते. सुलतान खानाच्या चालीचे नशीब उलटे निघाले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पाचवी चाल सोव्हिएत विश्वविजेता तिग्रान पेट्रोशियनच्या नावाने प्रतिष्ठित झाली. पेट्रोशियनही समोरच्याचा बेत उगवण्याआधी खुडणारा, सावकाश आवळणारा खेळाडू. ती चाल त्याच्या हाती पडली यात नवल नाही. मग 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला गॅरी कास्पारोव्हने ती आक्रमक हत्यार म्हणून वापरली, डावामागून डाव जिंकले, आणि तिच्यावर पानेच्या पाने विश्लेषण लिहिले गेले. आजच्या संगणकालाही तिच्यात वावगे काही दिसत नाही. ज्या खेळीला एकेकाळी पुस्तकाबाहेरची म्हणून सोडून दिले असते ती आता पुस्तकातले एक आख्खे प्रकरण आहे. तेव्हा ‘प्रस्थापित सिद्धांत’ म्हणजे खेळाबद्दलचे अंतिम सत्य असे मानण्याआधी तो कुणाच्या डावांवरून रचला गेला हे विचारलेले बरे. एकोणिसाव्या शतकात ज्यांचे डाव टिपले गेले त्यांच्यावरून तो रचला गेला, आणि देशी पटावर बसणाऱ्यांचे डाव टिपायला, एका कॉक्रनचा अपवाद सोडला तर, कुणी नव्हते.

1950 साली जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, पहिल्यांदा ग्रँडमास्टर किताब वाटले तेव्हा जुन्या कर्तबगारीवरून रुबिन्स्टाइनला तो मिळाला. प्रागला त्याला हरवणारा सुलतान खान तेव्हा सरगोध्याच्या परिसरात शेती सांभाळून होता. त्याला काही मिळाले नाही. 1966 साली तो क्षयाने गेला. 2024 मध्ये फिडेने त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केले. क्वीन्स इंडियनमधली ती पाचवी चाल अजूनही पुस्तकांत ‘पेट्रोशियन व्हेरिएशन’ या नावाखाली सापडते.